कोयना ते अलमट्टी, व्हाया गावभाग : सहा दिवस पाण्याच्या मागे मागे

आधी हे सांगते की ही ट्रिप माझी आयडिया नव्हती. अण्णांची होती. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७४, मुक्काम सांगली, गावभाग. जून ते सप्टेंबर त्यांचा दिवस कोयना धरणाच्या आकड्याने सुरू होतो आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी मोजलेल्या पाणीपातळीच्या आकड्याने संपतो. एक जुनी हिशेबाची वही आहे, त्यात रोजची ओळ: कोयना किती टीएमसी, विसर्ग किती, आयर्विन किती फूट. २०१९ च्या पुरानंतर त्यात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा कॉलम वाढला आणि तो लाल पेनानेच लिहिला जातो. दिवाळीला घरी गेले होते तेव्हा म्हणाले, "पोरी, पूर आला की आपण सहा जणांना शिव्या घालतो, त्यातल्या एकाचंबी तोंड नीट बघितलेलं नाही. एकदा सगळ्यांना भेटून येऊया की."

म्हणलं चला. नवऱ्याला सुट्टी नव्हती, त्यामुळे मी, अण्णा आणि माझा नऊ वर्षांचा पोरगा. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, धरणं भरलेली, ऊन मऊ, बागा चालू. पुराच्या ट्रिपला यापेक्षा चांगला सीझन नाही कारण पूर नसतो.

दिवस पहिला, पुणे ते कोयनानगर

अण्णा आदल्या रात्रीच पुण्यात येऊन थांबलेले. सकाळी सहाला निघालो, साताऱ्याच्या पुढे उंब्रजला हायवे सोडला, मल्हारपेठ, पाटण करत कोयनानगर. पाटणच्या पुढे रस्ता नदीच्या बाजूबाजूने जातो आणि नदी बघून पोरगा म्हणाला, "एवढीशीच?" अण्णा नुसते हसले, ते हसणं मला माहितीय, ते म्हणजे ऑगस्टमध्ये ये मग सांगतो.

धरणाच्या भिंतीवर तसं कुणाला सोडत नाहीत, परवानगी लागते. पण नेहरू उद्यानातून भिंत अशी समोर दिसते की वर जायची गरजच वाटत नाही. बाग टेकडीवर, पायऱ्यापायऱ्यांची, कारंजी, लॉन, शाळेच्या दोन सहली आलेल्या, त्यामुळे निम्मी बाग एकसारख्या टोप्यांनी भरलेली. आणि समोर तो १०३ मीटर उंचीचा दगड-काँक्रीटचा पडदा, मधे सहा दरवाजे. सहाच. मला लहानपणापासून वाटायचं की बातमीत 'कोयनेचे सहाही दरवाजे उघडले' म्हणतात म्हणजे बऱ्याचपैकी सहा असतील.

आम्ही डबा उघडला. दशम्या, शेंगाची चटणी, दही. अण्णांनी पोराला टीएमसी शिकवायला घेतलं आणि मी ऐकत बसले कारण खरं सांगायचं तर मलाही ते कधी नीट कळलेलं नव्हतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, म्हणजे दीड बादली. आता एक लाख क्युसेक पाणी चोवीस तास सोडलं तर किती? दिवसाचे सेकंद ८६,४००, गुणिले लाख, म्हणजे साडेआठ टीएमसीच्या थोडं वर. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. "म्हणजे सगळं पाणी रिकामं करायला बारा दिवस," पोरगा म्हणाला. अण्णांना इतका आनंद झाला की त्याला खिशातून दहा रुपये काढून दिले.

मग पोराने तो प्रश्न विचारला जो पूर्ण सांगली विचारते. "आजोबा, एवढं पाणी सोडायचंच असतं तर अडवतात कशाला?"

अण्णांचं उत्तर मला आवडलं म्हणून जसंच्या तसं देते. "धरणाला दोन मालक असतात बाळा. एक म्हणतो भर, कारण त्याला उन्हाळ्यात ऊस भिजवायचाय, वीज करायचीय. दुसरा म्हणतो रिकामं ठेव, कारण उद्या ढगफुटी झाली तर ते पाणी कुठं ठेवणार. भरलेला हंडा पण पाहिजे आणि रिकामा हंडा पण पाहिजे आणि हंडा एकच." ऑगस्टच्या सुरुवातीला धरण भरत आलेलं असतं आणि वरून पाऊस थांबत नाही, तेव्हा आत येईल तेवढं बाहेर सोडण्याशिवाय पर्यायच उरत नाही. कुठल्या तारखेला किती भरायचं याचा आराखडा असतो. भांडण त्या आराखड्याचं असतं, दरवाज्यांचं नाही.

शिवाय कोयनेची एक गंमत, या धरणाचं बरंचसं पाणी पूर्वेकडे आपल्याकडे येतच नाही. ते बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे उतरतं, पोफळीला वीज करतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला जातं. आपल्या बाजूला पायथ्याचं वीजगृह, तिथून २१०० क्युसेक. ही '२१००'ची संख्या सांगलीत पोराटोरांना पाठ असते, कारण बातमी नेहमी तिथूनच सुरू होते.

रात्री कोयनानगरलाच मुक्काम. थंडी चांगली होती. अण्णांनी झोपताना १९६७ च्या भूकंपाची गोष्ट सांगितली, ११ डिसेंबरची पहाट, ते तेव्हा सांगलीत शाळकरी होते आणि भांडी मांडणीवरून खाली आली होती. पोरगा त्यानंतर माझ्या पांघरुणात येऊन झोपला, आभारी आहे अण्णा.

दिवस दुसरा, कराड, भिलवडी, सांगली

कराडचा प्रीतिसंगम मी शंभरदा पाहिलाय पण लक्ष देऊन पहिल्यांदाच. दोन नद्या एकमेकींना कोनात भेटतात ते सगळीकडेच असतं, इथं कोयना आणि कृष्णा चक्क समोरासमोर येऊन आदळतात आणि मग दोघी मिळून काटकोनात वळून पूर्वेला चालायला लागतात. नकाशावर बघा, इंग्रजी टी काढल्यासारखं दिसतं. आता कल्पना करा की दोन्हीकडून पूर आलाय. जिचा जोर जास्त ती दुसरीला मागे दाबून धरते. शांत असताना मात्र ही जागा म्हणजे कराडची चौपाटी, बाग, यशवंतराव चव्हाणांची समाधी, वाळूत पोरं, भेळेच्या गाड्या. सकाळी दहालाच भेळ खाल्ली. अण्णा म्हणाले सांगलीच्या भडंगाची सर नाही, ते हे कुठेही म्हणतात.

पुढे पलूस रोडने भिलवडी. तिथला कृष्णेचा घाट ज्याने पाहिला नाही त्याने मुद्दाम वाट वाकडी करावी, काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या नदीभर पसरलेल्या, समोरच्या तीरावर औदुंबर. आम्ही पायऱ्या मोजायला घेतल्या आणि पोराने मधेच गोंधळ करून पुन्हा पहिल्यापासून, असं तीनदा झाल्यावर सोडून दिलं. इथून ब्रह्मनाळ जवळ आहे. ८ ऑगस्ट २०१९, पुरातून माणसं बाहेर काढताना नाव उलटली ते गाव. अण्णांनी तिकडच्या दिशेला हात केला आणि बोलले काहीच नाही, मीही विषय वाढवला नाही.

दुपारी घरी पोचलो. आता घराचं सांगते, कारण ज्यांनी पूर टीव्हीवर बघितलाय त्यांना हे माहीत नसतं. आमच्या घरात, म्हणजे आमच्या अख्ख्या बोळातच, लाईटचे बोर्ड डोक्याच्या वर आहेत. २००५ ला पाणी आलं तेव्हा बोर्ड कमरेच्या थोडे वर होते, गेले. मग सगळ्यांनी छातीला घेतले. २०१९ ला छातीच्या वर आलं, तेही गेले. आता हात उंच करून बटण दाबावं लागतं आणि आईला पोचत नाही म्हणून कोपऱ्यात एक वेताची काठी ठेवलेली आहे, टोकाला रबराचं बूच बसवलेलं. आई त्या काठीने पंखा लावते, इतक्या सराईतपणे की बघत राहावं. मधल्या खोलीच्या भिंतीवर अण्णांनी खिळ्याने तीन रेघा ओढल्यात, २००५, २०१९, २०२१. घर रंगवायला काढलं तेव्हा पेंटरला सांगितलेलं की बाबा रेघा सोडून रंग दे. त्या रेघांशी पोराला उभा केला. २०१९ ची रेघ त्याच्या डोक्याच्या वीतभर वर. तो म्हणाला, "मग तेव्हा तुम्ही कुठं होता?" वरच्या मजल्यावर, दोन दिवस, मग बोटीतून. आई म्हणे त्या बोटीत सुद्धा अण्णांच्या हातात वही होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

संध्याकाळी आयर्विन पूल. १९२९ सालचा दगडी कमानींचा पूल, व्हाइसरॉयच्या नावाचा. बाहेरच्यांसाठी तो जुना सुंदर पूल आहे, आमच्यासाठी ती फूटपट्टी आहे. खांबावर फुटांचे आकडे लिहिलेत, ४० ला इशारा, ४५ ला धोका. पण प्रत्येक गल्लीचा स्वतःचा आकडा वेगळा असतो. सूर्यवंशी प्लॉटवाल्यांचं सामान चाळिशी गाठायच्या आधीच बाहेर, मग दत्तनगर, मग कर्नाळ रोड, आणि गावभागातला माणूस पंचेचाळीसपर्यंत चहा पीत गप्पा मारत असतो. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं. आत्ता नोव्हेंबरात पाणी खाली शांत हिरवट, घाटावर पोरं क्रिकेट खेळत होती, बॉल सारखा पाण्यात. एक आजोबा पुलाच्या कठड्याला टेकून सवयीने खांबावरचा आकडा बघत होते. भर थंडीत! अण्णांनी त्यांना विचारलं किती. ते म्हणाले, "काही नाही, आपलं बघतोय." दोघंही बराच वेळ बघत बसले.

दिवस तिसरा, हरिपूर, वाडी, राजापूर बंधारा

सकाळी हरिपूर. चिंचांच्या सावलीतला रस्ता, संगमेश्वराचं देऊळ, मागे कृष्णा आणि वारणेचा संगम. वारणाही आपल्या चांदोलीचं पाणी घेऊन येते, म्हणजे सांगलीच्या पुराचा हिशोब करायचा तर कोयना एकटी नाही, हे अण्णांचं आवडतं वाक्य. कोयनेचं पाणी आयर्विनला किती तासांत पोचतं यावर मात्र सांगलीत जितकी डोकी तितकी उत्तरं, त्यात मी पडत नाही.

मग नरसोबाची वाडी. इथं पुराकडे बघायची दृष्टीच वेगळी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, आणि पाणी वाढलं की ते उत्तरेच्या दाराने देवळात शिरतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. चढत्या पाण्याचा वेगळा, उतरत्या पाण्याचा वेगळा, आणि त्या पाण्यात अंघोळीला लोक लांबून येतात. सांगलीत चाळीस फूट म्हणलं की आम्ही गाद्या बांधायला लागतो आणि वाडीत त्याच पाण्याची आरती. अर्थात २०१९ ला वाडीचाही सोहळा राहिला नव्हता, देऊळच पाण्याखाली गेलेलं. एका पेढेवाल्याने सांगितलं की तो दुकानाचं फर्निचर करतच नाही, सगळी कपाटं चाकांवरची आहेत, जुलै लागला की ढकलत नेतो. बघितलं तर खरंच, काचेच्या कपाटाखाली चाकं. बासुंदी घेतली, कवठाची बर्फी घेतली, पोराने बर्फी तोंडात घालून असं तोंड केलं की ती सगळी मलाच मिळाली.

दुपारी राजापूर बंधारा. शिरोळ तालुक्यातला, कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा, इथून पुढे पाणी कर्नाटकाचं. पिकनिक स्पॉट वगैरे काही नाही, पण मला सगळ्या ट्रिपमध्ये हे सगळ्यात जास्त आवडलं. हा 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा'. ही पद्धत देशभर याच नावाने ओळखली जाते हे मला माहीत नव्हतं, मला वाटायचं कोल्हापुरी म्हणजे चप्पल, मिसळ आणि रस्सा.

तर कसं असतं, नदीत ओळीने दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा. त्या खाचांमध्ये आडव्या फळ्या एकावर एक सरकवायच्या, त्यांना बरगे म्हणतात. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडतं, मागे दूरपर्यंत नदी तुडुंब, मोटारी चालू, ऊस हिरवा. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढायचे म्हणजे पुराला वाट मोकळी. जुन्या पद्धतीत लाकडी बरग्यांच्या दोन ओळी आणि मधे माती ठासायची. आम्ही उभे होतो तिथं दोन बरग्यांच्या फटीतून पाण्याची एक पातळ चादर बाहेर येत होती, अगदी सारखी, आवाज फक्त स्सस्स, आणि वरच्या बरग्यावर एक खंड्या बसून मासे बघत होता. एक शेतकरी मामा मोटारीपाशी आलेले, त्यांच्याशी अण्णांचं लगेच जमलं. मामा म्हणाले, "लाकडाचं बरगं कुजत्यात, लोखंडाचं चोर न्हेत्यात." त्यांच्या शेजारच्या गावच्या बंधाऱ्यावर एका वर्षी बरगे काढायच्या आत पाऊस लागला, मग बरगे तसेच, त्यात जलपर्णी आणि झाडं अडकली, आणि पाणी बंधाऱ्याला वळसा घालून शेताचा काठ कापून गेलं. म्हणजे ही पूर अडवणारी गोष्टच नाही मुळात, उन्हाळ्याची सोय आहे ती, पण वेळेवर उघडली नाही तर पुराला आडवी येते. अण्णांच्या सहा जणांच्या यादीत बंधारे होतेच, त्यांनी वहीत त्यापुढे काहीतरी लिहिलं, मला दाखवलं नाही.

रात्री कोल्हापूर, मावशीकडे. जेवण सांगत नाही, उगाच जळाल.

दिवस चौथा, राधानगरी आणि पंचगंगा

या दिवशी फार काही लिहिणार नाही असं ठरवलेलं, पण राधानगरीच्या दरवाज्यांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कोल्हापूरहून भोगावतीच्या बाजूने दोनेक तास, फेजिवड्याला धरण. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनावर घेतलेलं काम, गावाला नाव त्यांच्या मुलीचं, राधाबाई अक्कासाहेबांचं. जलाशय लक्ष्मी तलाव. महाराज १९२२ ला गेले, धरण पुरं व्हायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. साठा साधारण सव्वाआठ टीएमसी, म्हणजे कोयनेपुढे अगदी धाकटं.

पण दरवाजे सात, आणि सातही स्वयंचलित. स्वयंचलित म्हणजे बटण नाही, मोटर नाही, रात्री फोन करून उठवायला माणूस नाही. पातळी ३४७.५ फुटांच्या आसपास आली की पाण्याच्याच जोरावर दार उघडतं, पाणी उतरलं की बंद. एका दारातून १४२८ क्युसेक. सातही उघडले तर? पोराने मोबाईल न घेता सांगितलं, ९९९६. (दहा रुपये.) कोल्हापूरकरांची पावसाळ्यातली बातमी म्हणजे 'सहा नंबरचा दरवाजा उघडला'. यात मजा अशी की इथं 'कुणी सोडलं' हे भांडणच नाही. कोयनेत अमक्याने उशीर केला, तमक्याने घाई केली असं होतं, इथं दार कुणाचं ऐकतच नाही. अण्णा म्हणाले, "असा माणूस पाहिजे होता ऑफिसात." दुसरी बाजू पण आहे, आधीच धरण थोडं खाली करून ठेवू म्हणलं तर ही दारं तुमचं तेही ऐकत नाहीत, भरल्याशिवाय उघडायचीच नाहीत.

दाजीपूरला गवे बघायचं पोराला कबूल केलेलं, पण उशीर झाला. दूरवर काहीतरी काळं हललं, तो म्हणतो गवा, मी म्हणते म्हैस, अजून वाद चालू आहे.

संध्याकाळी कसबा बावड्याजवळ राजाराम बंधारा. पंचगंगेची पातळी इथं मोजतात, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. हाही कोल्हापूर पद्धतीचाच, पावसाळ्यात पहिली बातमी असते की राजाराम बंधारा पाण्याखाली. आत्ता त्यावरून दूधवाले सायकलने चाललेले, खाली पोहणारी पोरं, एक जण म्हशीला दगडाने घासत होता आणि म्हैस डोळे मिटून उभी. कोल्हापूरकरांचं एक मानलं पाहिजे, ते पूर बघायला जातात. पाणी पात्राबाहेर पडलं की गाडी काढून सहकुटुंब शिवाजी पुलाकडे, वाटेत कणसं. मावशी म्हणते २०१९ पासून तशी मजा राहिली नाही. तेव्हा इथं ५५ फुटांच्या वर गेलेलं, चिखली-आंबेवाडीतून माणसं बोटीने काढली आणि शिरोलीला पुणे-बंगळुरू हायवे कित्येक दिवस बंद. हायवेचा भराव पाण्याला आडवा येतो हे तिथं शेंबडं पोरगंही सांगतं. अण्णांच्या यादीत भराव चौथा.

दिवस पाचवा, अलमट्टी

ज्याच्यासाठी आलो तो दिवस. पहाटे साडेपाचला निघालो. मिरज, कागवाड, अथणी, जमखंडी. कागवाडनंतर पाट्या कन्नड झाल्या आणि अण्णा एकदम ताठ बसले, जणू सासुरवाडीला चाललोय.

जमखंडीजवळ चिक्कपडसलगीसाठी थोडी वाट वाकडी केली. तिथला बंधारा शेतकऱ्यांनी स्वतः वर्गणी काढून, स्वतः राबून १९८९ साली उभा केला, पुढाकार सिद्दू न्यामगौडांचा. पुढे ते खासदार झाले आणि लोक त्यांना 'बॅरेज सिद्दू'च म्हणायचे. बंधाऱ्यामुळे माणसाचं आडनाव बदललेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

अलमट्टीला दुपारी पोचलो. आता माझ्या डोक्यात अलमट्टी म्हणजे काय होतं ते सांगते. आमच्या बोळात ते नाव शिवीसारखं घेतात. लहान पोर रडलं की 'अलमट्टी उघडली' म्हणतात. मला एक काळीकभिन्न राक्षसी भिंत अपेक्षित होती. आणि समोर आली बाग! बाग म्हणजे किती, एक संपली की दुसरी, रॉक गार्डन, त्यात सिमेंटचे हत्ती, सिंह, मगरी, माणसं, मग कृष्णाच्या नावाची, मग लव-कुशाच्या नावाची, मुघल पद्धतीची, इटालियन पद्धतीची. पोराने मगरीच्या तोंडात डोकं घालून फोटो काढला. सहलीच्या एसट्या, तिकडच्या सरकारी बस, नवीन लग्न झालेली जोडपी, आयस्क्रीम. अण्णा या सगळ्यातून छत्री टेकत टेकत सरळ चाललेले, मान वळवायची नाही, त्यांना भिंत बघायचीय.

भिंत लांबच लांब आहे, उंच वाटत नाही. दरवाजे सव्वीस. मागे लालबहादूर शास्त्री सागर, १९६४ ला पायाभरणी त्यांच्या हातून झालेली. पाणी ५१९.६० मीटरपर्यंत भरतात आणि साठा १२३ टीएमसी, म्हणजे कोयनेहून जास्त. भांडण आहे ते पुढच्या आकड्याचं, ५२४.२५६ मीटर. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने कर्नाटकाला तेवढी उंची दिली आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. हे दशांशानंतरचे तीन आकडे अण्णा झोपेतून उठवलं तरी सांगतील.

आणि इथं मला अण्णांशी जपून बोलावं लागतं. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल २०२० मध्ये आला, आणि त्यात म्हणलं की तो पूर अलमट्टी किंवा कर्नाटकातल्याच हिप्परगी बंधाऱ्यामुळे आला नाही. थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि नदीच्या पूररेषेत आपणच केलेली बांधकामं, भराव, हे मुख्य. सांगलीत बरेच लोक हे मानत नाहीत, पुढचं पाणी तुंबून राहिलं की मागचं पाणी सावकाश उतरतं, असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःला समितीचं पटतं. पूर रेषेच्या आत प्लॉट पाडले कुणी, विकले कुणी आणि घेतले कुणी, ते आम्हाला सगळ्यांना नावानिशी माहीत आहे आणि त्यातले दोन आमच्या लग्नात जेवून गेलेत. पण अण्णांच्या यादीत या बांधकामांचं नाव शेवटी आहे, पुसट पेन्सिलीने.

बागेबाहेर चहाची टपरी होती. चहावाले काका साठीचे, कन्नड मिसळलेली छान मराठी. कुठून आलात? सांगली. ते म्हणाले, "पूरवाले?" अण्णा म्हणाले होय, आणि जरा जोरातच म्हणाले. मी मनात म्हणलं झालं आता. काकांनी चहा गाळला, पुढे केला आणि भिंतीच्या मागे पाण्याकडे बोट केलं. "आमचं गाव तिथं आहे. खाली." त्यांच्या घराला तीन खोल्या आणि दारात लिंब होता. पाणी चढायच्या आधी त्यांनी चौकट काढून आणली, नव्या घराला तीच लावली, पण ती लहान पडली, म्हणून बाजूला विटा भराव्या लागल्या. उंची वाढवली तर आणखी गावं जाणार, त्यात त्यांच्या मुलीचं सासर.

अण्णांनी दुसरा चहा मागितला, जे ते कधीच करत नाहीत, ॲसिडिटी आहे. मग विचारलं, "तुमचं पाणी परत उतरत नाही?"

"नाही ना. तुमचं उतरतं."

अण्णांनी पैसे देताना सुटे परत घेतले नाहीत.

संध्याकाळी म्युझिकल फाउंटन. दिवे बंद झाले, कन्नड गाण्यावर लाल-निळं पाणी उंच उडायला लागलं आणि सगळी पब्लिक शिट्ट्या मारायला लागली. पोरगा पहिल्या रांगेत जाऊन नाचत होता. पाण्याचे तुषार आमच्यापर्यंत येत होते. अण्णांनी रुमालाने चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला, मग चष्मा काढूनच बसले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही, किती क्युसेक असेल याचा अंदाज घेतोय.

दिवस सहावा, परत

परतीचं काही सांगण्यासारखं नाही. अथणीच्या अलीकडे पंक्चर, पंक्चरवाल्याने ट्यूबलेस टायरला पण भलतेच पैसे लावले, मिरजेत जेवण, चारला घरी. वहीत अलमट्टीच्या कॉलमला अण्णांनी त्या दिवशीची पातळी लिहिली. लाल पेन सापडत नाही म्हणून निळ्याने लिहिली म्हणाले. पेन टेबलावरच होतं.

संध्याकाळी गणपतीच्या देवळात गेलो तर अख्खा गावभाग वाट बघत बसलेला. कट्ट्यावरच्या एका काकांनी लांबूनच हाक मारली, "काय अण्णा, बघितली का अलमट्टी? काय म्हणतीय?"

अण्णांनी चपला काढल्या, नीट एकाला एक लावून ठेवल्या.

"बाग झकास आहे," म्हणाले. "भिंतीचं नंतर बोलू."